'ग' वहीतलं तिसरं कडवं

मी माण तालुक्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की, पुढची तपासणी समिती यायच्या आत माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागायला हवं. नाहीतर मी तर सोडाच, मराठी विभागसुद्धा राहील की नाही याची हमी ते देऊ शकत नव्हते. विषयाबद्दल त्यांचं फारसं म्हणणं नव्हतं. "कुठलाही घ्या," ते म्हणाले, "फक्त समितीतल्या कुणाला दुखावणारा नको, आणि फार समजणाराही नको."

मला मनापासून आवडणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे जुनी चित्रपटगीतं. साताऱ्यात आमच्या घरी आई ब्लाउज शिवायची आणि मशीनशेजारी रेडिओ चालू असायचा. तिचा पाय गाण्याच्या ठेक्यावर चालायचा. द्रुत गाणी लागली की बायकांना ब्लाउज वेळेआधी मिळत, आणि विरहगीतांचा कार्यक्रम असला की लग्नघरची माणसं दारात येऊन बसत. त्या गाण्यांचे शब्द मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झाले होते. तेव्हा मी साध्या मनाने विषय लिहिला, 'जुन्या चित्रपटगीतांतील काव्य', आणि संशोधन समितीपुढे जाऊन उभी राहिले.

समितीत तिघे होते. पहिल्यांनी विचारलं, "ही गीतं तुम्ही वाचता की ऐकता?"

"ऐकते."

"मग संगीत विभागात जा."

मी संगीत विभागातही जाऊन आले. त्यांनी माझा आराखडा उलटून पाहिला आणि म्हणाले, यात सगळं शब्दांबद्दल आहे, तुम्ही मराठीत जा. दुसऱ्या खेपेला समितीतल्या दुसऱ्या सदस्यांनी आवडीची गोष्ट अभ्यासाला घेण्यातला धोका मला समजावून सांगितला. "आवड असली की वस्तुनिष्ठता जाते," ते म्हणाले. "मी स्वतः ज्या कवीवर काम केलं, तो मला कधीच आवडला नाही." तिसरे सदस्य बराच वेळ डोळे मिटून होते. ते झोपलेत असं वाटत असतानाच त्यांनी विचारलं, "याचं हस्तलिखित आहे का?"

हस्तलिखित नव्हतं. विषय परत आला.

मग कुणीतरी मला सांगलीच्या सरांकडे पाठवलं. सर हळदीचा व्यापार करणाऱ्या जैन घरातले. वडिलांना मुलगा दुकानात हवा होता, मुलगा पोथ्यांत गेला आणि तिथून परत आलाच नाही. एका मध्ययुगीन काव्यातल्या एका ओवीचा मूळ पाठ कोणता, या प्रश्नावर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं आणि ती ओवी अजून त्यांना पुरती सापडलेली नव्हती. विद्यार्थी त्यांना घाबरत. समित्या तर त्याहून जास्त घाबरत, कारण सर प्रत्येक कागदावरच्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने सुधारून कागद परत पाठवत, मग तो कुलगुरूंचा का असेना.

त्यांनी माझं ऐकून घेतलं. घरात रेडिओ नव्हता, टीव्ही नव्हता. आतून फक्त त्यांच्या पत्नीच्या भाजी चिरण्याचा आवाज येत होता.

"बाई," सर म्हणाले, "चित्रपट मी पाहत नाही आणि गाणी मी ऐकत नाही. पण लिहिलेलं काही असेल तर मी वाचतो. पोथी आणा."

एवढं बोलून ते उठले, कारण सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायचं असे. त्यांचं सगळं मार्गदर्शन या हिशेबाने चाले. माझ्या प्रबंधातली उन्हाळ्यात लिहिलेली प्रकरणं भरघोस आहेत आणि डिसेंबरातली जरा खुरटली आहेत, ती त्यामुळेच.

पोथी मिळाली ती आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांमुळे. त्यांचे सासरे औंधजवळच्या एका वाडीत राहत आणि त्यांच्याकडे गाण्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या होत्या. सासऱ्यांना गाव मेजर म्हणत असे. आमच्याकडे फौजेतून घरी आलेला माणूस कुठल्याही हुद्द्याचा असो, गावात तो मेजरच होतो.

"मी हवालदार म्हणून घरी आलो," त्यांनी पहिल्याच भेटीत खुलासा केला. "मेजर गावानं केलंय. मी लय वेळा सांगितलं, आयकत न्हाईत."

सत्तरी ओलांडलेला ताठ माणूस. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, चहा आणला. मेजरांनी कपाटातून पाच वह्या काढल्या. सगळ्या जाड पुठ्ठ्याच्या, हिरव्या शाईने भरलेल्या. नोकरीत असताना उत्तरेकडच्या चौक्यांवर रेडिओवर लागणारी मराठी आणि हिंदी गाणी त्यांनी ऐकून ऐकून उतरवून घेतली होती. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर नोंद होती. 'बर्फ. आवाज खरखर. दुसरी ओळ गेली.' किंवा 'आभाळ स्वच्छ. आवाज चांगला. साहेब आले म्हणून शेवट राहिला.'

मला त्या वह्या हातात घेऊन भरून आलं. मी त्यांना म्हटलं, मला या काही महिने हव्या आहेत.

"न्या की," मेजर म्हणाले. "पर सही करा." आणि त्यांनी खरोखरच एक पावती लिहिली: वह्या पाच, पैकी एकीचा पुठ्ठा सुटलेला. "फौजेत सुईसुदिक सहीबगार देत न्हाईत, म्याडम. मनावर घेऊ नका."

विट्याला गाडी बदलून मी त्या वह्या सांगलीला नेल्या. सरांनी आधी हात धुतले, पुसले, मग पाटावर पांढरा कपडा अंथरून वह्या त्यावर ठेवल्या. अर्धा तास ते पानं उलटत राहिले. मग त्यांनी वह्यांना नावं दिली: क, ख, ग, घ आणि ङ. एक ओळ त्यांनी मला वाचून दाखवली आणि मूळ गाण्यात काय आहे ते विचारलं. मूळ गाण्यात नायिका चांदण्यात उभी होती. मेजरांच्या वहीत ती चावडीत उभी होती.

"ऐकण्यातली चूक असेल, सर."

"चूक हा शब्द आपल्या शास्त्रात नाही. याला पाठभेद म्हणतात." त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चमकत होते. "चांदण्याकडून चावडीकडे. म्हणजे निसर्गाकडून समाजाकडे. हा प्रवास लक्षात घ्या."

मी लक्षात घेतला. नवं शीर्षक तयार झालं: 'मौखिक-लिखित संक्रमणातील गीतसंहिता: पाच वह्यांची पाठचिकित्सा'. समितीने ते दहा मिनिटांत मंजूर केलं. झोपणाऱ्या सदस्यांनी तर माझं अभिनंदनही केलं. चित्रपट आणि काव्य हे दोन्ही शब्द शीर्षकातून गेले हे मला घरी येताना गाडीत लक्षात आलं. 'गीत' तेवढं उरलं होतं, तेही संहितेला चिकटून.

पुढची चार वर्षं मी गाणी पेन्सिल घेऊन ऐकली. एकेक ओळ थांबवायची, वहीशी ताडायची, तक्त्यात भरायची. साताऱ्याला गेले की आई म्हणायची, "अगं, पुढं जाऊ दे ना ते गाणं. किती वेळ त्या बाईला एकाच शब्दावर उभी ठेवतेस?" गाणं जाऊ दिलं तर तक्ता राहत होता. शेवटी शेवटी तर गाणं लागलं की माझी मानच दुखायची.

अशात एकदा 'ग' वहीतल्या एका विरहगीतापाशी मी अडले. गाण्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाण्याचा काही दोष नाही. रेकॉर्डवर त्याला दोन कडवी आहेत. मेजरांच्या वहीत तीन होती. तिसरं असं होतं:

डोंगरमाथी दिवा लागला, तुला दिसत नाही
तुझ्या वाटचा मीच पाहते, दुसरे काही नाही

मी मोबाइलवर सापडतील तेवढी ध्वनिमुद्रणं ऐकली. तिसरं कडवं कुठेच नव्हतं. मी सरांना तसं सांगितलं. ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. त्यांच्या ओवीने त्यांना उभ्या आयुष्यात जे दिलं नव्हतं ते आता समोर आलं होतं.

"लुप्त कडवं," ते म्हणाले. "रेकॉर्डवर जागा नसते म्हणून गाळलेलं. रेडिओवर एकदाच वाजलं असेल आणि या एका लेखनिकाने ते टिपलं."

त्या कडव्यावर त्यांनी लेख लिहिला. 'डोंगरमाथा' म्हणजे ब्रह्मरंध्र, 'दिवा' म्हणजे आत्मज्योत, 'तुला दिसत नाही' म्हणजे अविद्या आणि 'दुसरे काही नाही' हे तर उघडच अद्वैत. 'वाटचा' या एका शब्दावर पाच पानं होती. वाट म्हणजे पंथ, आणि पंथ म्हणजे बहुधा नाथपंथ. लेख चर्चासत्रात वाचला गेला, तेव्हा लोकांनी नमस्कार करावा तशा माना हलवल्या. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या कडव्यावरच उभं राहिलं.

प्रबंध विद्यापीठात दिला तेव्हा तो वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या संगणकातून गेला. संगणकाने बहुतेक सगळी गाणी चोरलेली ठरवली, कारण ती जगात आधीच होती. लाल रंगाने पानंच्या पानं रंगून आली. सगळ्या गाण्यांत फक्त दोन ओळी पांढऱ्याशुभ्र राहिल्या होत्या. त्या तिसऱ्या कडव्याच्या होत्या. यंत्राच्या मते त्या याआधी कुणीही कुठेही लिहिलेल्या नव्हत्या.

मी तो अहवाल घडी करून पिशवीत टाकला. रविवारी मी औंधला गेले, तिथून वाडीला.

"मेजर, हे कडवं तुम्ही रेडिओवरच ऐकलं होतं ना?"

त्यांनी वही लांब धरून वाचली. मग म्हणाले, "लिवलंय म्हंजी आयकलंच असंल की. लय वर्सं झाली, म्याडम."

आतून काकूंचं हसू ऐकू आलं. मी आत पाहिलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

मी सरांना फोन केला आणि मनातली शंका सांगितली. लेखनिकालाच स्पष्ट विचारून घेऊ का, असंही म्हटलं. सर चिडले नाहीत. त्यांनी मला शांतपणे समजावलं. "बाई, लेखनिकाला विचारायचं नसतं. लेखनिक पाठ देतो. अर्थ त्याला माहीत नसतो, आणि हेतू असला तर तो आपण ठरवायचा. शास्त्राचा हा नियमच आहे."

मी गप्प बसले. ही माझी गोष्ट आहे म्हणून हेही सांगायला हवं की, मी भीतीने गप्प बसले. चौथं प्रकरण काढलं असतं तर प्रबंध उभा राहिला नसता, आणि तपासणी समिती त्याच वर्षी येणार होती.

खुली तोंडी परीक्षा विद्यापीठात झाली. 'खुली' याचा अर्थ कुणीही येऊन प्रश्न विचारावा असा असतो, आणि म्हणून कुणीही येत नाही. पण ग्रंथपाल सासऱ्यांना घेऊन आले. मेजर इस्त्रीच्या कोटात, छातीवर पदकं लावून दुसऱ्या रांगेत ताठ बसले. शेजारी काकू.

बाहेरून आलेले परीक्षक विद्वान गृहस्थ होते. त्यांनी पहिली तीन प्रकरणं दोन वाक्यांत संपवली आणि थेट तिसऱ्या कडव्यावर आले. नाथपंथाचा मुद्दा त्यांना पटला नव्हता. 'वाटचा' मध्ये वाट नसून 'वाटा' आहे, आणि हा सूफी परंपरेतला दैवी प्रसादाचा वाटा आहे, असं त्यांचं मत होतं. सर खवळले. दोघांनी एकमेकांना ग्रंथांचे आधार दिले. त्या अर्ध्या तासात मला कुणी काही विचारलं नाही आणि मला ते बरंच वाटलं. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहून रिवाजाचं वाक्य म्हटलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का?" आणि उत्तराची वाट न पाहता कागद आवरायला घेतले.

मेजर उभे राहिले.

"इचारायचं न्हाई. सांगायचं हाय."

अध्यक्षांनी कागद खाली ठेवले.

"तुमी दोघं एवढं भांडताय तवा माझ्याच्यानं बसवंना," मेजर म्हणाले. "त्यो 'वाटणीचा' असा शबूद हाय. तुझ्या वाटणीचा दिवा बी मीच बगते, असं. पर ते चालीत बसंना. म्हणून मी 'वाटचा' केलं."

"तुम्ही केलं?" बाहेरचे परीक्षक म्हणाले.

"व्हय. दोन कडवी झाली आन् रेडिओ बंद पडला. मला वाटलं, गाणं आजून हाय. बरूबरची पोरं म्हणाली, पुढचं काय ते सांग. आता मला काय ठावं? मग घातलं मीच. घरनं पत्र आलं हुतं. यमाईच्या डोंगरावरचा दिवा आमच्या मळ्यातनं दिसतो, तर हिनं लिवलं हुतं की, तुमाला तकडं दिसत न्हाई म्हणून मी तुमच्या वाटणीचा बी बगून घेते." त्यांनी शेजारी बसलेल्या काकूंकडे पाहिलं नाही. "पुढं म्हायती पडलं की गाणं दोनच कडव्यांचं हाय. पर तवर तोंडात बसलं हुतं. म्याडमनी मला इचारलं तवा मी सांगितलं न्हाई. लाज वाटली. त्यांची चूक न्हाई हेच्यात."

काकू मान खाली घालून बांगडी फिरवत होत्या. माझे डोळे भरून आले, आणि ते त्यांच्या पत्रामुळे की बुडालेल्या पीएच.डी.मुळे, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मी उभी राहिले आणि म्हणाले की, मला शंका आली होती, संगणकाच्या अहवालात ते दिसत होतं, आणि ते मी लिहायला हवं होतं. ते बोलताना मी सरांकडे पाहिलं नाही.

बाहेरच्या परीक्षकांनी टेबलावर बोटं वाजवली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे हा प्रक्षेप आहे," ते म्हणाले.

जुन्या ग्रंथात मागाहून कुणीतरी घुसवलेल्या मजकुराला अभ्यासक प्रक्षेप म्हणतात. हा शब्द ऐकताच सरांनी मान वर केली. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचा गळा धरू पाहणारे दोघे एकमेकांकडे पाहू लागले.

"शेकडो प्रक्षेप आपण पाहिले," सर हळूहळू म्हणाले, "पण प्रक्षेपकार कधी कुणाला भेटलेला नाही."

"हयात प्रक्षेपकार," परीक्षक म्हणाले. "आणि स्वतः कबुली देणारा."

त्यानंतर मेजरांची तोंडी परीक्षा झाली. माझ्या परीक्षेपेक्षा ती दुप्पट वेळ चालली. प्रक्षेप करताना मूळ कवीबद्दल आपल्या मनात कोणती भावना होती, असं परीक्षकांनी विचारलं. मेजर म्हणाले, "थंडी लय हुती." हेही लिहून घेण्यात आलं. चौथ्या प्रकरणाचं नाव बदलावं आणि त्यात संगणकाच्या अहवालाची नोंद घ्यावी, या अटीवर मला पदवी देण्याची शिफारस झाली. नाथपंथ तळटीपेत गेला. सूफी परंपरा त्याच्याखालच्या तळटीपेत.

तपासणी समिती आली तेव्हा मी दारावरची पाटी नवी करून घेतली होती. समितीने स्वच्छतागृहं पाहिली, छतावरचे सौर दिवे पाहिले, जेवण चांगलं झाल्याचं सांगितलं आणि गेली. मराठी विभागाकडे कुणी फिरकलं नाही. प्राचार्य म्हणाले, "बघा, काही त्रास झाला नाही."

वह्या परत करायला मी वाडीला निघाले तेव्हा सरांचा फोन आला की, तेही येणार आहेत. ते सांगलीहून भाड्याच्या गाडीने आले. काकूंनी त्यांच्यासाठी ऊन असतानाच ज्वारीच्या भाकरी केल्या, कांदा-लसूण न घालता आमटी केली. मेजरांनी पावती काढून एकेक वही तपासून घेतली आणि सुटलेला पुठ्ठा सरांनी खळ लावून चिकटवून आणलाय हे पाहून पावतीवर तशी नोंद केली.

जेवणानंतर सर म्हणाले, "ते गाणं जरा म्हणता का?"

मेजरांनी आढेवेढे घेतले नाहीत. आवाज थकलेला होता, पण सुरात होता. तिसऱ्या कडव्याला काकू हळूच आत निघून गेल्या. सर मांडीवर हात ठेवून निश्चल बसून होते. गाणं संपलं. मग माझ्याकडे वळून ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, याला चाल आहे."

"हो सर. गाणंच आहे ते."

"मी ते ऐकलं नव्हतं."

त्या गाण्यावर त्यांनी चाळीस पानं लिहिली होती. मेजरांनी विचारलं, दुसरं एखादं म्हणू का, आणि सर म्हणाले, म्हणा. अंधार पडेपर्यंत 'ख' आणि 'घ' वह्यांतली सात-आठ गाणी झाली. नायिका चावडीत उभी असलेलंही झालं. चालीवर ते काही वाईट वाटलं नाही.

महिन्याभराने सरांच्या पत्नीचा मला फोन आला. सरांनी एक छोटा रेडिओ विकत आणला होता, आणि दुपारी पोथ्यांचं काम बाजूला ठेवून ते त्याच्यापाशी बसत. ती माउली कधी तक्रार करणारी नव्हती, पण आता तिचा नाइलाज झाला होता.

"ऐकतात ते ऐकू देत," त्या म्हणाल्या, "पण हल्ली म्हणतातही. तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. तुम्हीच सांगून बघा."

मी सांगेन म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.